सहाव्या खाचरातली पेंढी

१

पेंढी वाळली की हलकी होते. हे कळायला शाळेत जावं लागत नाही, आणि मी तर चार वर्षं दर हंगामात रोज सकाळी हेच बघत आले. आठ वाजता कुलूप काढायचं, खिडक्यांच्या झडपा लोटायच्या, तुळईला टांगलेला काटा शून्यावर आहे ना ते पाहायचं, आणि खुणेच्या चोवीस पेंढ्या एकेक करून त्याला अडकवून वजन वहीत उतरवायचं. सहा खाचरं, दर खाचरातल्या चार पेंढ्या. बाकीच्या शेकडो पेंढ्या तारांवर नुसत्या वाळत पडलेल्या असतात, त्यांना कोणी विचारत नाही.

खोली जस्ताच्या खाणीची. खाण चालू होती तेव्हा इथे दगड कुटून, आम्लात उकळून, त्यात जस्त किती ते तपासत. आता चिनी मातीची फुटकी भांडी, भिंतीवरचे पिवळे ओघळ आणि आमचं भात. भिंती हातभर जाड, त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा. वाळतं भात मात्र गप्प बसत नाही. पात दुमडते, देठ तडकतो, तार करकरते. नव्या माणसाला वाटावं, पलीकडच्या खोलीत बायका भाजी निवडत बसल्यात. मला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो ऐकूच येत नसे.

खाण बंद होऊन बारा वर्षं झाली, पण तिने ओढ्यातून खाली सोडलेलं कॅडमियम आमच्या हुआय मोन गावच्या खाचरांत बसलं ते बसलंच. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. भात ते मुळांनी ओढून घेतं, आणि तो भात जन्मभर खाल्लेल्या माणसाची आधी मूत्रपिंडं जातात, मग हाडं. सरकारने भात लावायला बंदी केली, लोकांनी ऊस लावला. मग विद्यापीठातून प्रीदा मास्तर आले आणि त्यांनी एक हावरट जातीचं भात आणलं. ते लावायचं, पोटरीला आलं, म्हणजे कणसाने देठ फुगला, की दाणा धरायच्या आत हिरवंच कापायचं, वाळवायचं, आणि शहराजवळच्या बंद भट्टीत नेऊन जाळायचं. दर वर्षी जमिनीतलं विष थोडं थोडं त्याच्याबरोबर निघून जातं. मास्तर म्हणायचे, "याला भात म्हणू नकोस, नुआन. हा बोळा आहे, जमीन पुसायचा."

यंदाच्या कापणीनंतर सहाव्या सकाळी बोळ्याच्या तेवीस पेंढ्या नेहमीप्रमाणे हलक्या झाल्या. सहाव्या खाचरातली तिसरी तीस ग्रॅमने जड झाली.

२

काटा बिघडला, हे पहिलं मनात आलं. मी लिटरभर पाण्याची बाटली लटकवून पाहिली. काट्याने शहाण्यासारखा एक किलो आणि वर बाटलीचे वीस ग्रॅम दाखवले. मग ओल. छपर बघितलं, कुठे थेंब नाही, आणि पाऊस थांबून पंधरा दिवस झालेले. मग उंदीर. पेंढी जमिनीवर आपटली, झटकली, चार पाती पडली. शेवटी तिला दारापाशी उन्हाच्या पट्ट्यात टांगलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आणखी तीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीस.

मी वहीची पानं मागे उलटली. कापली तेव्हा ती तीन किलो चारशे होती. पुढचे चार दिवस थोडी थोडी उतरत तीन किलो दोनशेवर आली, एक दिवस तिथेच थांबली, आणि मग चढायला लागली. तिच्याबरोबरच्या बाकीच्या एव्हाना दीड किलोच्या खाली उतरल्या होत्या.

आकड्यांची ही चाल माझ्या ओळखीची होती, म्हणून मला जास्त राग आला. या कामाआधी नऊ वर्षं मी गावची आरोग्यसेविका होते. हुआय मोनमधली सगळी तान्ही झोळीच्या काट्यावर मीच तोलली. बाळ जन्मतं, पहिले तीन-चार दिवस उतरतं, आई रडकुंडीला येते, मी तिला सांगते की रडू नकोस, अंगावरचं दूध लागलं की चढेल. मग ते चढतं. रोज पंचवीस-तीस ग्रॅम.

मी वही मिटली. सुतावरून स्वर्ग गाठायची खोड आमच्या गावाला आहे, मला नाही. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, वाळलेल्या गवताला घाबरले असं कोणाला कळलं असतं तर पार बाजारापर्यंत हसं झालं असतं. तरी कुलूप लावताना एक गोष्ट लक्षात आली. सगळी खोली कुजबुजत होती, आणि त्या पेंढीभोवतीची हातभर जागा गप्प होती. तान्हं झोपलं की आजूबाजूची माणसं आपोआप आवाज खाली घेतात, तशी.

३

आई कापणीच्या संध्याकाळपासून बाजेखाली निखारे मागत होती. हाडांत गारठा शिरलाय म्हणाली. मी घमेल्यात निखारे घालून सरकवले आणि विसरले.

आई एकाहत्तर वर्षांची. कमरेचं हाड दोनदा मोडलेलं, मूत्रपिंडं पाव हिश्श्याने चालणारी. दीड वर्षात ती स्वतःच्या पायांनी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. आठ वर्षं मी तिच्या तोंडाला गावचा दाणा लागू दिला नव्हता. तांदूळ लांबच्या फयाओहून आणायचा, पाणी उकळून द्यायचं, मीठ चिमटीने मोजायचं. असं सांभाळलं तर अजून पाच-सहा वर्षं काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मला ती वर्षं हवी होती. तिच्याशिवाय मला कोणी नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते कशासाठी केलं हे कोणी विचारणार नाही.

निखाऱ्यांनंतर तिने गार पाणी सोडलं. मग भाजलेल्या चिकट भाताचा गोळा आणि मीठ, एवढंच खायला लागली. भाजीचा वास नको, माशाचा नको. डोक्याला पंचा गुंडाळून, पोट निखाऱ्यांकडे करून दिवसभर कुशीवर पडलेली. एका दुपारी मी दारातून बघत होते आणि मला आठवलं. माझ्या मामेबहिणीला पहिलं मूल झालं तेव्हा आईनेच तिला याच बाजेवर महिनाभर असं शेकत निजवलं होतं, हेच खायला घालून.

मी हसत म्हटलं, "आई, हे तुझं बाळंतिणीचं चाललंय की गं."

"मग दुसरं काय असणार?" ती म्हणाली. हसली नाही.

भात पोटरीला आलं की आमच्याकडे ते गरोदर मानतात. भाताची आई, मे पोसोप, पोटुशी आहे, तिला डोहाळे लागलेत. मग घरची बाई खाचरात जाऊन तिला चिंच, कैरी, संत्रं असं आंबट ठेवते, फणी, पावडर आणि आरसा ठेवते, आणि हाक मारून सांगते की ये बाई, खा, सुखरूप मोकळी हो, तुझं लेकरू आम्ही पोटाशी धरू. बंदी आल्यापासून गावात कोणी हे केलं नव्हतं. सहावं खाचर मुळात आमचं. यंदा तिथलं भात पोटरीला आलंय असं मी जेवताना सहज बोलून गेले, आणि आईने हट्टच धरला. मी तिला पाठीशी ओढणीने बांधून स्कूटरवरून नेलं. तिने हाक मारली तेव्हा छत्री मी धरली होती. म्हातारीची हौस, म्हटलं, होऊन जाऊ दे.

आठ दिवसांनी ते भात हिरवंच कापणार, हे मला माहीत होतं. तिला मी सांगितलं नव्हतं. कापल्यावरही सांगितलं नाही. तरी निखारे तिने त्याच संध्याकाळी मागितले.

४

पेंढ्या उलटसुलट करायला बुन्युएन यायचा. चार पोरांचा बाप, तोंडाचा पट्टा कायम चालू. मी थोरली म्हणून मला 'पी नुआन' म्हणायचा आणि वहीतल्या प्रत्येक आकड्यात त्याला लॉटरीचा नंबर दिसायचा.

दहाव्या दिवशी मी त्याला म्हटलं, ती दाराजवळची पेंढी मागच्या तारेवर टाक. वजन वाढतंय हे त्याला सांगितलं नव्हतं. त्याने ती उचलली आणि गेल्या सोडतीत एका आकड्याने कसं हुकलं ते सांगत सांगत निघाला. मी वहीतून मान वर केली तर तो खोलीच्या मध्येच उभा होता. पेंढी डाव्या हातावर आडवी, शेंडा कोपराच्या खळग्यात, वर उजव्या हाताची दोन बोटं हलकेच थोपटतायत, आणि तो या पायावरून त्या पायावर डुलतोय. लॉटरीची गोष्ट चालूच.

"बुन्युएन," मी म्हटलं, "कशी धरलीयस ती?"

त्याने खाली पाहिलं. गोष्ट अर्ध्यात थांबली. तो मागच्या तारेपर्यंत गेला, पेंढी दोन्ही हातांनी अलगद ठेवली आणि हात विजारीला पुसत परत आला.

"जड आहे," तो म्हणाला. "मान सांभाळावी लागते."

मग चहाला म्हणून गेला तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने निरोप पाठवला की पाठ धरलीय. त्याची पाठ भाताची पोती वाहून कधी धरली नव्हती.

५

दर रविवारी मी आईचं वजन करते. अंगात पाणी साठतंय का ते कळावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. आधीच्या रविवारी ती एकोणचाळीस किलो होती. या रविवारी साडेसदतीस. पाणी उतरलं असेल, मी स्वतःला समजावलं, आणि तेही खरं असू शकतं. पण तिच्या गालांची हाडं वर आली होती, आणि झग्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले गोल डाग होते. निखाऱ्यांनी घाम येणारच. मी झगा बदलला आणि बादलीत टाकला. डागांचा वास घेऊन पाहायचं मला धैर्य झालं नाही.

"ते मला खातंय असं समजू नकोस," आई डोळे मिटूनच म्हणाली. "मीच देतेय. बोलावलं मी, डोहाळे पुरवले मी. तुम्ही तिला पोटुशीच कापलंत. आता लेकराकडे कोण बघणार?"

"आई, ती वाळलेली पेंढी आहे."

"मग तू तिला रोज का तोलतेस?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. वीस चोख उत्तरं होती, बोळा आणि कॅडमियम आणि वही. पण त्या पेंढीबद्दल मी घरात चकार शब्द काढला नव्हता.

सोमवारी सकाळी मी प्रीदा मास्तरांना फोन लावला आणि भट्टीचा ट्रक लवकर पाठवता येईल का विचारलं. एक पेंढी वाढतेय असं म्हणायची लाज वाटली, म्हणून ओल धरतेय म्हटलं. मास्तर भला माणूस. म्हणाले, "सोडून बघ ना. आत कुजत असेल, कुजलं की वजन विचित्र वागतं." मला इतकं हायसं वाटलं की मी फोनवरच हसले.

दोरी सोडली. वरची पाती कागदासारखी वाळलेली. ती बाजूला केली तर आत हिरवं होतं. कापून चौदा दिवस झाले होते आणि कापल्या टोकांना रस होता. हात आत घातला तर ऊब लागली. कुजणारं गवत गरम होतं, हे मला माहीत आहे, खताच्या ढिगात हात घालून वाढलेली मी. पण कुजण्याचा वास नव्हता. वास होता तो तेल लावून अंघोळ घातलेल्या डोक्याचा. मधोमध एका देठाची पोटरी अंगठ्याएवढी फुगलेली, पान तिच्यावर घट्ट ताणलेलं. मी त्यावर अंगठा टेकवला. ती आतून हलली. एकदाच. माझ्याच अंगठ्यातली नाडी असेल.

पोटरी फाडून बघणं एका नखाचं काम होतं. मी फाडली नाही. पाती पुन्हा वर घेतली आणि दोरी बांधली. सैल बांधली. मास्तरांना कळवलं की होय, कुजलीच आहे, ट्रक पाठवा. ते गुरुवार म्हणाले.

६

बुधवारी भर दुपारी मी आईसाठी भाताचा गोळा भाजून आत नेला आणि बाज रिकामी होती.

मी परसात पाहिलं, न्हाणीत पाहिलं, शेजारच्या चान मावशींना विचारलं. विचारताना मला माहीत होतं की मी उगाच वेळ काढतेय. मग स्कूटर घेतली. खाणीची खोली घरापासून पाऊण कोस, शेवटचा चढ असा की तरणी माणसंही गुडघ्यावर हात टेकतात.

कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली माझ्या कमरेला. मागच्या खिडकीची एक झडप उघडी, पण ती माझ्या छातीच्या उंचीवर, आणि खाली पाय ठेवायला काही नाही. मी कुलूप काढायच्या आधी दाराला कान लावला. शेकडो पेंढ्यांमधून एक पात वाजत नव्हती. चार वर्षांत ती खोली मी इतकी शांत कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत एक बारीक आवाज होता. एक घोट, मध्ये श्वासाएवढी जागा, पुन्हा घोट.

मी नऊ वर्षं बायकांच्या शेजारी बसून तो आवाज ऐकलाय. बाळ नीट पितंय का, हे आम्ही त्यावरूनच सांगतो.

दार लोटलं. आई भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसली होती, मांडी घालून, मोडक्या कमरेने. झगा एका खांद्यावरून उतरलेला. मान खाली. तिच्या कोपरावरून वाळलेली पाती लोंबत होती, आणि त्या पात्यांमधून काहीतरी वर आलं होतं आणि झग्याची कड धरून होतं. दारातून उजेड त्याच्यावर पडला तसं त्याने कड सोडली. एकेक करून सोडली. मी मोजलं नाही, पण एकेक करून.

आईने वळून पाहिलं नाही.

"हळू," ती म्हणाली. "आत्ता डोळा लागलाय."

मी पुढे गेले नाही. पाठमोरी उभी राहिले, ती स्वतःच उठून माझ्याजवळ येईपर्यंत. तिला पाठीवर घेऊन स्कूटरपाशी नेलं तेव्हा कळलं, किती हलकी झाली होती ती. तिचे हात माझ्या गळ्याभोवती गरम होते. उतारावर तिने माझ्या कानाशी सांगितलं की एवढं एक कर, भट्टीत नको टाकूस, घरी आण, मी आहे तोवर बघेन.

किती दिवस बघणार होती ती? हिशेब सरळ होता. या चालीने महिनाभरात तिच्या अंगावर द्यायला काही उरलं नसतं.

"हो, आणते," मी म्हटलं. आयुष्यात आईशी मी खोटं फार वेळा बोलले नाही. तेव्हा बोलले.

७

गुरुवारी नऊला ट्रक आला. मी ती पेंढी सगळ्यांत आधी चढवली, तळाशी, आणि वर बाकीच्या रचायला लावल्या. कागदावर सही करायला कोणीतरी सोबत जावं लागतं. दर वर्षी बुन्युएन जायचा. मी गेले.

भट्टीवर एक तरणा माणूस होता, तोंडाला फडकं बांधलेला. पेंढी घ्यायची, यादीला टिक करायची, सरकत्या दारातून आत टाकायची, दार लोटायचं. आत पांढरी आग. दीड तास तो यंत्रासारखा काम करत होता. तळाची पेंढी हातात आली तसा तो थांबला. ती त्याने आडवी घेतली. फडक्यावरचे डोळे माझ्याकडे वळले.

"ताई, यात काय आहे?"

"भात."

त्याने शेंडा कोपराच्या खळग्यात घेतला. त्याला घरी तान्हं असणार, मला त्याच्या कोपरावरून कळलं. "मग तुम्हीच टाका," तो म्हणाला आणि ती माझ्या हातांत दिली.

इतके दिवस मी तिला दोरीला धरून उचलत होते, काट्याला अडकवत होते. कुशीत पहिल्यांदाच घेतली. साडेतीन किलो. ते वजन मी डोळे मिटून ओळखते. भट्टीच्या धगीने अंग भाजत होतं, आणि पेंढी धगीपासून वळली. माझ्या छातीकडे वळली आणि काहीतरी शोधायला लागली, तान्ही शोधतात तसं, डावीकडे, उजवीकडे. मी म्हटलं, वारा आहे, भट्टी हवा ओढते. मला साडेसदतीस किलो आठवत होते. मला आईचे गाल आठवत होते. मला पाच वर्षं हवी होती.

मी टाकली.

गवत जळतं तशी ती जळली. भुरकन, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मी आवाजाची वाट पाहत बराच वेळ दाराला कान देऊन उभी राहिले. कसलाच आवाज आला नाही. तरण्या माणसाने यादीवर टिक केली. घड्याळात बाराला दहा कमी होते.

८

घरी पोचले तेव्हा चान मावशी ओट्यावर बसून होत्या. आई दुपारी बाराच्या सुमाराला एकदम मोठ्याने रडली, म्हणाल्या, दम लागेपर्यंत रडली, आणि मग जी झोपली ती अजून उठली नाही. निखारे विझलेले. मी तिच्या नाकाशी हात धरला. श्वास छान चालला होता. गालांवर रंग होता. मी बाजेच्या कडेला बसून रडले, आणि ते आनंदाचंच रडू होतं.

तिचं वजन परत आलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, मूत्रपिंडं बरी म्हणावी इतकी सुधारलीयत, काय देता तुम्ही? मी म्हटलं, केळं कुस्करून. ती आता दुसरं काही खात नव्हती. बोलत नव्हती. डॉक्टरांच्या मते मेंदूत कुठेतरी बारीक गुठळी झाली असेल, वाचा हळूहळू येईल, धीर धरा. खाचराच्या मातीचाही अहवाल आला. सहावं खाचर स्वच्छ ठरलं, पुढच्या हंगामापासून तिथे खायचं भात लावता येईल. मास्तरांनी फोनवर माझं अभिनंदन केलं.

मी धीर धरला. तिला सकाळी ओट्यावर उन्हात ठेवते. खिडकीतून कवडसा सरकला की तिची नजर त्याच्यामागे सरकते. ताट पडलं की दोन्ही हात उडतात. झोपते तेव्हा मुठी डोक्याच्या दोन बाजूंना. माझं बोट हाताला लागलं की घट्ट धरते, आणि सोडवून घ्यायला वेळ लागतो. म्हातारपण म्हणजे दुसरं बाळपण असं लोक म्हणतातच. चान मावशीही म्हणाल्या, आणि मग काही दिवसांनी यायच्या बंद झाल्या.

कधी कधी मी तिच्या चेहऱ्यात माझी आई शोधते. उजव्या भुवईवरचा व्रण तिचा आहे. तो कसा पडला ती गोष्ट मी तिला सांगून पाहिली, लहानपणी ती मला सांगायची तशीच. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती, नवलाई होती.

काल सकाळी मी तिला भरवत होते. चमचा तोंडाशी नेला तसा तिने तो हाताने बाजूला सारला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खूप वेळ बघितलं. कपाळ, नाक, हनुवटी, एकेक करून, चेहरा पहिल्यांदा पाठ करावा तसं. मग तिच्या ओठांची जुळवाजुळव सुरू झाली. मला कळलं की ती बोलणार आहे. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून माझं नाव ऐकायला मी पुढे वाकले.

"आई," ती म्हणाली.

घरात तिसरं कोणी नव्हतं. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, स्कूटर अंगणात उभी होती. मला उठून जाता आलं असतं. तिने पुन्हा हाक मारली, या खेपेला ओठ थरथरवून, आता रडेल अशी.

मी ओ दिली.